जुनी एस२००० मागून सुटते. २००४ चे भाग लावून प्रश्न सुटेल का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं. होंडा एस२००० ही दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार, २००१ चं अमेरिकी मॉडेल, सेकंडहँड घेऊन तीन महिने झाले. ओल्या रस्त्यावर फ्रीवेवरून उतरताना वळण आवळत गेलं, तुम्ही दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आणि गाडीची शेपूट फिरून बाजूला आली. कठडा हातभर लांब राहिला. आधीच्या मालकाने गाडी खाली केलेली आहे, म्हणजे आखूड स्प्रिंग टाकलेल्या आहेत. आता कुणी म्हणतं २००४ चा मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीला कलण्यापासून रोखणारी आडवी सळी) टाक, कुणी म्हणतं १७ इंची चाकं घे, कुणी म्हणतं ही विकून २००४ नंतरची गाडी बघ. यातलं काय करू, हा तुमचा प्रश्न.

मी गेली अठरा वर्षं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि सस्पेन्शनचं काम करतोय आणि यातली बारा वर्षं माझ्याकडे स्वतःची २००० सालची एस२००० आहे. माझं मत सरळ सांगतो: तुमची गाडी आज २००१ ची एस२००० सुद्धा राहिलेली नाही. ती आधी परत २००१ ची करा. २००४ ची करायची की नाही ते मग ठरवता येईल, आणि कदाचित ठरवायची गरजच पडणार नाही.

२००४ साली होंडाने काय बदललं ते आधी बघू, कारण त्याविषयी अर्धवट माहिती फार फिरते. बहुतेकांना इंजिन लक्षात राहतं. दोन लिटरचं, ९००० आरपीएमपर्यंत जाणारं इंजिन गेलं आणि २.२ लिटरचं, ८००० ला लाल रेषा असलेलं आलं. अमेरिकेत तरी ते २००४ मॉडेलपासूनच आलं. जपानमध्ये नव्या चाकांची गाडी आधी आली आणि मोठं इंजिन नंतर. पण तुमच्या प्रश्नाचा संबंध गाडीच्या खालच्या बाजूशी आहे. तिथे चार गोष्टी एकत्र बदलल्या. चाकं १६ ची १७ इंच झाली. टायर पुढे २०५/५५ आणि मागे २२५/५० होते, ते पुढे २१५/४५ आणि मागे २४५/४० झाले. पुढच्या स्प्रिंग थोड्या कडक, मागच्या थोड्या मऊ झाल्या. मागचा अँटी-रोल बार हलका केला. आणि चौथी गोष्ट, जिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं आणि माझ्या मते जी सगळ्यात महत्त्वाची आहे: मागच्या सस्पेन्शनची भूमिती बदलली, ज्यामुळे चाक वर-खाली होताना त्याचा टो कमी बदलू लागला.

हा टोचा मुद्दा नीट समजून घ्या. तुमच्या कठड्याची गोष्ट इथेच आहे.

टो-इन म्हणजे वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची नाकं किंचित आत वळलेली. मागच्या चाकांना थोडं टो-इन असलं की गाडी सरळ आणि स्थिर राहते. आता २००० ते २००३ च्या गाड्यांत मागचं चाक वर दाबलं गेलं की त्याचं टो-इन वाढतं आणि चाक खाली लोंबलं की कमी होतं. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते, बाहेरचं मागचं चाक दाबलं जातं, त्याचं नाक आणखी आत वळतं. परिणाम असा की मागची चाकं वळणाच्या दिशेनेच किंचित स्टीअर करतात आणि गाडी मागून घट्ट वाटते. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय चिकटून चालली आहे! इथपर्यंत सगळं छान.

मग तुम्ही पाय उचलता. वजन पुढे जातं, नाक खाली बसतं, मागचा भाग उचलला जातो. मागची चाकं खाली लोंबतात आणि ज्या वाढीव टो-इनने गाडीला धरून ठेवलं होतं ते त्याच क्षणी नाहीसं होतं. तेवढ्यातच मागच्या टायरवरचं वजनही कमी झालेलं असतं, शिवाय इंजिनचा ब्रेक मागच्याच चाकांवर लागतो. तीन गोष्टी एका सेकंदाच्या आत, तिन्ही एकाच दिशेने. पाय उचलला की बहुतेक गाड्या थोड्या आत वळतात, तो काही दोष नाही. एस२००० च्या पहिल्या गाड्यांत हे जरा जास्त झटक्यात होतं, एवढंच. 'खुनशी गाडी' वगैरे जे म्हणतात ते मला पटत नाही. गाडी आधी सांगते, पण हळू आवाजात सांगते.

वळणाच्या मधोमध रस्त्याला उंचवटा लागला तर हेच छोट्या प्रमाणात होतं. चाक दाबलं, टो वाढला, चाक सुटलं, टो गेला, आणि मागून एक चुळबुळ जाणवते. पूर्वी ही गाडी चालवलेली माणसं त्या चुळबुळीवरून डोळे मिटून वर्ष ओळखतात.

स्प्रिंग आणि बार का बदलले ते याच्यापुढचं. गाडीत माणूस बसल्यावर एका चाकावर साधारण ३३० किलो येतात, कारण या गाडीचं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं आहे. वळणात आतल्या चाकाचं वजन बाहेरच्या चाकावर जातं. टायरचा स्वभाव असा की वजन दुप्पट केलं म्हणून पकड दुप्पट होत नाही. वाढते, पण त्या मानाने कमी. म्हणजे ज्या टोकाला डावी-उजवीकडे वजनाची जास्त ओढाताण होईल, त्या टोकाची एकूण पकड घटते. आणि ही ओढाताण पुढे किती, मागे किती हे ठरतं कुठलं टोक जास्त कडक आहे यावर. पुढचं कडक केलं, मागचं मऊ केलं की ओढाताणीचा जास्त वाटा पुढच्या टायरांनी घ्यायचा. मागे पकड शिल्लक राहते, गाडी नाकाकडून सरकते. होंडाने २००४ ला नेमकं हेच केलं, वर मागे रुंद टायर दिले. चारही बदल एकाच दिशेचे.

आणि इथे एक गंमत आहे. २००८ ला अमेरिकेत सीआर नावाची आवृत्ती आली, जेमतेम सातशे गाड्या निघाल्या. तिच्यात कापडी छत काढून टाकलेलं, स्टीअरिंग जास्त झटपट, आणि सस्पेन्शन परत कडक, मागेसुद्धा. मग चार वर्षांपूर्वी जे मऊ केलं ते चूक होतं का? नाही. तोवर मागची भूमिती सुधारलेली होती आणि सीआरला मागे २५५/४० चे खूप चिकट टायर दिले होते. त्या पायावर कडक स्प्रिंग चालते. मागे एक सुट्टा भाग कडक किंवा मऊ असण्याला काही अर्थ नसतो, तो कशाबरोबर लावलाय त्याला अर्थ असतो. म्हणून 'अमुक सालचा तमुक भाग टाक' या सल्ल्याबद्दल मी जरा कुरकुरतो.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. गाडी समोर नाही, त्यामुळे काही गोष्टी अंदाजाने सांगतोय. पण खाली केलेल्या, दोन-तीन हात फिरलेल्या अशा गाड्या इतक्या पाहिल्यात की अंदाज फार चुकेल असं वाटत नाही.

पहिला संशय टायरवर. या गाडीला कंपनीतून ब्रिजस्टोन पोटेन्झा एस-०२ मिळायचे आणि सस्पेन्शन त्याच टायरभोवती बेतलेलं होतं. तो टायर आता नाही. तुमच्या गाडीवर काय आहे? बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांपलीकडचा टायर मी या गाडीवर ठेवत नाही. रबर कडक होतं आणि पावसात त्याचा पहिला फटका बसतो. पुढे नवे आणि मागे जुने अशी जोडी असेल तर बाकी काही शोधायची गरजच नाही, उत्तर तिथेच आहे. पुढे-मागे वेगळ्या जातीचे टायर असले तरी तेच. आणि पुढची-मागची चारही सारख्या रुंदीची केलेली असतील, जे शर्यतीच्या मैदानावर काही लोक मुद्दाम करतात, तर रस्त्यावरच्या गाडीसाठी ते लगेच बदला. मागच्या रुंद टायरने मिळणारी पकड तुम्ही स्वतःहून सोडून दिल्यासारखं होतं ते.

दुसरा संशय, आणि माझा मोठा संशय, मागच्या टोवर. गाडी खाली केली की मागचा कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाकाचा आतल्या बाजूला असलेला कल) आणि टो-इन दोन्ही वाढतात आणि मागचे टायर आतून झिजायला लागतात. मालक वैतागतो. मग कुणीतरी सांगतं, टो शून्य कर, टायर वाचतील. टायर खरंच वाचतात. पण वर सांगितलं ते आठवा: पाय उचलल्यावर या गाडीचं टो-इन कमी होतं. शून्यावरून कमी झालं की ते टो-आउट होतं, चाकांची नाकं बाहेर. ओल्या रस्त्यावर टो-आउट झालेलं मागचं चाक म्हणजे काय ते तुम्ही अनुभवलंय. मी एकदा अशी गाडी तपासायला घेतली होती. मालकाने वर्षभरात शॉक बदलले होते, बार बदलला होता, पुढच्या बाजूला ब्रेस, म्हणजे सांगाडा घट्ट करणारी दांडी, टाकला होता, आणि मागे एका चाकाला चक्क टो-आउट होतं. तासाभराच्या अलाइनमेंटनंतर तो म्हणाला, ही माझीच गाडी ना?

तिसरा संशय बंप स्टॉपवर. आखूड स्प्रिंगने गाडी खाली आली, पण शॉक मूळचेच असतील तर चाकाला वर जायला जागा कमी उरते. वळणात बाहेरचं मागचं चाक दाबलं गेलं की शॉकच्या दांड्यावरचा रबरी किंवा फोमचा ठोकळा लागतो. त्या क्षणी मागची बाजू एकदम कितीतरी पट कडक होते, वजनाची ओढाताण सगळी मागे येते आणि पकड जाते. म्हणजे होंडाने २००४ ला केलं त्याच्या बरोबर उलट काम आधीच्या मालकाने करून ठेवलं. शॉकचं धूळकवच वर सरकवून बंप स्टॉप पाहा. फाटलेला, चेपलेला असेल तर तो रोज लागतोय.

बुश (सस्पेन्शनच्या जोडांमधले रबरी तुकडे) आणि शॉकबद्दल फार लिहीत नाही. वीस वर्षांपलीकडची गाडी आहे, रबर तडकलेलं असणारच, शॉक ओलसर दिसले तर बदला. बुश ढिले असतील तर अलाइनमेंटचे आकडे उभ्या गाडीपुरतेच खरे.

तर मी काय करेन? आधी मूळ उंची परत आणेन. मूळ स्प्रिंग मिळाल्या तर उत्तम. २००४ नंतरच्या गाडीचे शॉक आणि स्प्रिंग पूर्ण संच म्हणून, चारही, मिळाले तरी चालतील. बरेच जण असे संच काढून विकतात. फक्त मागच्या दोन घेऊ नका. मग चारही टायर एकाच जातीचे, पुढे-मागे मूळ मापाचे. हवा दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली, थंड टायरमध्ये मोजून. आणि त्यानंतर अलाइनमेंट, चालकाच्या जागी तुमच्या वजनाएवढं काहीतरी ठेवून. कंपनीचा कॅम्बर पुढे उणे अर्धा आणि मागे उणे दीड अंश आहे. रस्त्यावरच्या गाडीला मी पुढे उणे एक, मागे उणे पावणेदोन ते दोन ठेवतो, पुढचा टो शून्य, आणि मागे एकूण टो-इन ०.४ अंश, म्हणजे या चाकावर साधारण साडेचार मिलिमीटर, दोन्ही चाकांत समान वाटून. आतली कड थोडी लवकर झिजेल. झिजू द्या.

अलाइनमेंटला जाण्याआधी एक सूचना. या गाडीत खालच्या आर्मचे एक्सेंट्रिक बोल्ट, म्हणजे जे फिरवून चाकाचा कोन बदलतात ते, बुशच्या लोखंडी नळीत गंजून अडकतात. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्या भागातली गाडी असेल तर हे जवळपास ठरलेलं. नुसतं 'अलाइनमेंट करून द्या' म्हटलं तर जो बोल्ट फिरतो तेवढा फिरवून, उरलेलं तसंच ठेवून गाडी परत देणारेही असतात. आदल्या आठवड्यात रोज गंज सोडवणारं तेल मारा, आणि आधीच विचारून घ्या की बोल्ट अडकला तर कापून, बुश काढून नवा दाबायची त्यांची तयारी आहे का. बोल्ट, वॉशर आणि बुश मागवून ठेवलेले बरे. नाहीतर गाडी रॅकवर अडकते आणि मेकॅनिकचा मूड जातो. दोन्ही अनुभव आहेत.

एवढं झालं की महिनाभर चालवा. त्यानंतरही मागून जरा जास्तच चपळ वाटत असेल, तर सुट्ट्या भागांपैकी मी २००४ चा मागचा बार सुचवेन. सहज बसतो, सहज काढता येतो, आणि परिणाम हवा त्या दिशेने पण थोडाच होतो. १७ इंची चाकंही बसतात, बोल्टांची मांडणी तीच, पाच बोल्ट ११४.३ मिलिमीटरवर. टायरचा एकूण व्यास सुमारे ६३२ वरून ६२५ ते ६२८ मिलिमीटरवर येतो, म्हणजे स्पीडोमीटरला फार फरक नाही. मागे जास्त रुंद टायर आल्याने गाडी स्थिर होते. पण स्टीअरिंगमधला जिवंतपणा थोडा जातो. मला १६ चीच जास्त आवडतात, हा माझा हट्ट समजा. पुढे जाडजूड बार टाकायचा सल्ला मात्र टाळा. गाडी पुढून सरकते म्हणून मागून सुटल्याचं कळत नाही, आणि ज्या दिवशी पावसात पाय उचलाल त्या दिवशी टोचा दोष जिथल्या तिथे असतो.

भूमितीचं काय? तीच तर मुख्य गोष्ट, असं मीच म्हटलं. मागच्या टो लिंकची, म्हणजे चाकाचा टो धरून ठेवणाऱ्या दांड्याची, जागा सुधारणारे किट बाजारात मिळतात आणि खाली ठेवलेल्या, मैदानावर पळवायच्या गाडीला ते मी लावतोही. मूळ उंचीवरच्या, योग्य टो असलेल्या रस्त्यावरच्या गाडीला त्याची गरज मला भासलेली नाही. मूळ उंचीवर चाक जेवढं हलतं तेवढ्यात टोचा बदल सांभाळता येतो. गाडी खालीच ठेवायची असेल तर मात्र उत्तर बदलतं: मग चांगले ॲडजस्टेबल शॉक, पुरेशी हालचाल, आणि हे किट, तिन्ही लागतील.

विकून नवी घ्यावी का, हे तुम्ही गाडी कशासाठी वापरता त्यावर आहे. रोज ऑफिसला, पावसापाण्यात, हीच एक गाडी असेल तर बदलण्यात शहाणपण आहे. पण मग २००४ वर थांबू नका, २००६ किंवा नंतरची बघा. त्या वर्षापासून अमेरिकेत व्हीएसए, म्हणजे गाडी सुटायला लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, प्रत्येक गाडीत आली. तुमच्यासारख्या प्रसंगात मऊ स्प्रिंगपेक्षा ती कितीतरी जास्त कामाची, आणि ती जुन्या गाडीत मागाहून बसवण्याच्या भानगडीत पडू नये. रविवारची गाडी असेल, तर मी २००१ ठेवेन. ९००० आरपीएम परत मिळत नाहीत.

शेवटी पायाबद्दल. रागावू नका, मीही याच गाडीने पहिल्या वर्षी मोकळ्या पार्किंगमध्ये, शंकूंच्या मधून, असाच पाय उचलून दीड गिरकी घेतली होती. तिथे फक्त तीन शंकू मेले. वळण आवळत जाणार असेल तर वेग आत शिरण्याआधी, सरळ असताना कमी करायचा. आत गेल्यावर जास्त वेग वाटला तर पाय उचलायचा तो हळू, जसा पाण्याने भरलेला पेला खाली ठेवतो तसा, आणि स्टीअरिंग तेवढंच धरून ठेवायचं. मोकळ्या ओल्या जागेत, कमी वेगात, प्रशिक्षक शेजारी बसवून गाडी मुद्दाम सोडून बघा. ती कुजबुज कशी असते ते एकदा कमरेला कळलं की पुढच्या वेळी वेळेवर ऐकू येते.

अलाइनमेंट झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्या आणि इथे टाका. मागच्या टोचा 'आधीचा' आकडा बघायची मला खरंच उत्सुकता आहे.